गाळणी

"कल्पनाला सांगा, उद्या येताना—"

एवढं बोलून योगिताबाईंचा आवाज तुटला. पलंगाशेजारच्या स्टुलावरच्या लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली, त्याचे पंखे घरघरत थांबले आणि खोलीत नुसता कूलरचा आवाज उरला.

"गेला परत," त्यांचे पती हेमंतराव म्हणाले. त्यांनी लॅपटॉपला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "तनू, तवा झालाय गं याचा!"

तनिष्का स्वयंपाकघरातून हात पुसत आली. आई उशांना टेकून बसली होती, म्हणजे तिला तसं बसवलेलं होतं. डोळे आणि घोटभर गिळणं सोडलं तर तिच्या अंगातलं आता काहीच तिचं ऐकत नव्हतं. कल्पना ही दिवसा येणारी बाई. तिने उद्या काय आणायचं, ते सांगायला योगिताबाईंना लॅपटॉप थंड होईपर्यंत थांबावं लागणार होतं. आठवडाभर हेच चाललं होतं. बोलणं रंगात आलं की यंत्र बंद.

योगिता फालक भुसावळच्या कोर्टात वकील होत्या. जमिनीच्या वाटण्या, वहिवाटीचे तंटे, बांधावरची भांडणं हे त्यांचं काम. त्यांची उलटतपासणी ऐकायला नवे वकील मुद्दाम मागच्या बाकावर येऊन बसत. काही वर्षांपूर्वी भर युक्तिवादात त्यांची जीभ 'प्रतिवादी' या शब्दावर अडखळली. न्यायाधीशांनी पाणी मागवलं. दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा अडला. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरत जाण्याचा तो आजार होता. आधी हात गेले, मग पाय, मग आवाज.

या आजारात हुकूम पोहोचवणारी वाट तुटते, पण हुकूम देणारं मन शाबूत राहतं. एका संशोधन प्रकल्पात योगिताबाईंच्या कवटीखाली, बोलणं सांभाळणाऱ्या भागावर, कांद्याच्या सालीसारखा एक पापुद्रा बसवला होता. माणूस 'पाणी' म्हणायला जातो तेव्हा ओठांना, जिभेला, घशाला हुकूम सुटतात. ते स्नायूंपर्यंत पोहोचले नाहीत तरी मेंदूच्या पृष्ठभागावर विजेची बारीकशी चाहूल उमटते. पापुद्रा ती टिपायचा, संगणक तिचे शब्द करायचा, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या योगिताबाईंच्याच आवाजात ते शब्द स्पीकरमधून यायचे.

प्रकल्पाची मुदत संपली तेव्हा संस्थेने आपला संगणक परत नेला. सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं होतं, पण मेंदूतला संकेत घराबाहेर कुठेही पाठवायचा नाही, असा कायदा तोवर झाला होता. म्हणजे सगळी आकडेमोड रुग्णाच्या घरातच व्हायला हवी, आणि तिला दणकट ग्राफिक्स चिप लागते. फालकांच्या घरात तशी चिप असलेली एकच वस्तू होती. तनिष्काचा जुना गेमिंग लॅपटॉप.

त्या लॅपटॉपवरून मायलेकींत एके काळी फार वाईट भांडण झालं होतं. तनिष्काने इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्धवट सोडून गेमच्या स्पर्धा खेळायला सुरुवात केली, तेव्हा योगिताबाई तिच्याशी जवळजवळ वर्षभर बोलल्या नव्हत्या. पुढे ती पुण्यात एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली आणि आता घरून काम करता येतं म्हणून भुसावळला येऊन राहिली होती. आईचा आवाज आता त्याच यंत्रातून निघत होता. त्याबद्दल दोघींपैकी कुणीही कधी काही म्हटलं नव्हतं.

---

तापून बंद पडणारा लॅपटॉप तनिष्काला नवा नव्हता. चिप शंभर अंशांजवळ गेली की ती जळू नये म्हणून यंत्र स्वतःलाच बंद करतं. तेव्हा उष्णता बाहेर का पडत नाही, ते शोधायचं.

तिने मागचं झाकण उघडलं. पंख्यांच्या जाळीत धुळीचा थर बसला होता. पाती फिरू नयेत म्हणून काडीने अडवून तिने ब्लोअरने तो उडवला. चिप आणि तांब्याच्या पट्टीमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. स्पिरिटने ती पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. खाली हवा खेळावी म्हणून लॅपटॉप जाळीच्या स्टँडवर ठेवला, कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं. चिपला मिळणारी वीजही थोडी कमी करून पाहिली. त्याने योगिताबाईंचे शब्द अडखळत येऊ लागले, पण यंत्र काही टिकलं नाही. संध्याकाळी वहिवाटीच्या एका जुन्या दाव्याची गोष्ट सांगता सांगता पुन्हा स्क्रीन काळी झाली.

"भुसावळचा मे आहे," तनिष्का वैतागून म्हणाली. "बाहेर शेहेचाळीस. हवाच गरम, तर पंखा काय गार करणार?"

हेमंतराव वीजकेंद्रात इंजिनिअर होते, निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झालेली. ते चष्मा वर करून म्हणाले, "मागच्या मे महिन्यात चालत होता की हा. तोच उन्हाळा, तेच मशीन. लोड वाढलाय का, ते बघितलंस?"

ते तिने बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमंतराव भाजी आणायला गेल्यावर ती स्क्रीनवरच्या आकड्यांकडे बघत बसली. आई डुलकी घेत होती तेव्हा चिप थंड होती. आईने डोळे उघडले आणि आकडा चढू लागला. आई एक शब्दही बोलत नव्हती. खिडकीकडे बघत होती, आणि पंखे मात्र जोर लावून फिरत होते.

बोलणं नाही तर मग यंत्र करतंय काय?

बिघाड शोधायची तिची ठरलेली पद्धत होती. एकेक भाग बंद करायचा आणि आकडा पडतो का ते बघायचं. आवाज घडवणारा भाग तिने बंद करून पाहिला. काही फरक नाही. तो पुन्हा चालू केला. पुढचा शब्द सुचवणारा भाग बंद केला. किंचित फरक. मग उरली गाळणी.

माणूस तोंडाने जेवढं बोलतो त्याच्या कितीतरी पट मनात बोलत असतो. मनातल्या बोलण्यातही ओठांना नि जिभेला एक फिका हुकूम सुटतोच, आणि पापुद्र्याला दोन्ही ऐकू येतात. बोलायचं ठरवलेलं पुढे सोडायचं आणि मनातलं मनातच अडवायचं, हे काम सॉफ्टवेअरच्या एका वेगळ्या भागाकडे होतं. बनवणाऱ्यांनी त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण वापरणारी घरं त्याला गाळणी म्हणत. ती बंद केली की काहीच बाहेर येणार नाही, आवाज बंद होईल, असं तनिष्का धरून चालली होती. आईला विचारायचं तिला सुचलंही नाही. तिने गाळणी बंद केली.

स्पीकरमधून आईचा आवाज येऊ लागला. त्याला चढउतार नव्हता आणि श्वासाची जागाही नव्हती.

"पाठीखाली चादर गोळा झालीय कुणाचं लक्ष नाही ऊन सरकलं भिंतीवर ही किती वाकून बसलीय मान धरेल हिची हिचे केस पांढरे झाले एवढ्यात माझ्यामुळे हिचा हात घाईचा आहे तोंड पुसते तेव्हा ओठ ओढला जातो कल्पना हळू पुसते सांगू नये हिला वाईट वाटेल नळी नको गळ्याला भोक नको मला हो म्हटलं तर किती खूश झाले ते त्यांच्यासाठी हो म्हटलं नळी नको नको नको—"

तनिष्काचा हात माऊसवरच राहिला. आपण ऐकू नये असं काहीतरी ऐकतोय, हे कळायला तिला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावरही बोट लगेच हललं नाही. मग तिच्या लक्षात आलं की लॅपटॉपचे पंखे थांबलेत. चिप अठ्ठावन्न अंशांवर आली होती. बिघाड सापडला होता.

तिने गाळणी चालू केली. पंखे पुन्हा घरघरू लागले.

"झालं ऐकून?" योगिताबाई म्हणाल्या.

"आई, मला वाटलं आवाज बंद होईल. तापतोय कशाने, ते बघत होते गं मी."

"मला न विचारता? माझ्या डोक्यात—"

स्क्रीन काळी झाली. योगिताबाई नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. तनिष्काने खाली मान घातली, मग उठून त्यांच्या पाठीखालची चादर सरळ केली. त्या नजरेसमोर करण्यासारखं दुसरं काही तिला सुचलं नाही.

---

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलेलं होतं. छातीचे स्नायू थकत चालले होते; नळीशिवाय हाताशी काही महिनेच होते. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची आणि ती व्हेंटिलेटरला जोडायची. मग श्वासाची काळजी उरली नसती. महिन्याभरापूर्वी जळगावच्या दवाखान्यात योगिताबाई याच लॅपटॉपमधून म्हणाल्या होत्या, "हो. करू या." हेमंतरावांनी तिथेच डोळे पुसले होते.

औषधं आणायची आहेत असं सांगून तनिष्का जळगावला डॉक्टर काझींकडे गेली. पापुद्रा बसवल्यापासून योगिताबाईंना त्याच बघत होत्या.

तनिष्काने दाखवलेले आकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. "तुमचा लॅपटॉप बिघडलेला नाही," त्या म्हणाल्या. "पूर्वी आई बोलायला जायच्या तेव्हा हुकूम जोरकस असायचा आणि मनातलं बोलणं फिकं. दोघांत फरक मोठा होता, गाळणीला चटकन कळायचं. आता हुकूम देणाऱ्या पेशीच कमी झाल्यात. जोरकसही फिका झालाय. मग ती प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा तपासत बसते, आई गप्प असल्या तरी. आजार पुढे सरकलाय, तनिष्का. तो तुम्हाला असा दिसतोय."

"मोठं मशीन घेतलं तर?"

"रांग आहे. पावसाळा संपेल मिळेपर्यंत. आणि मिळालं तरी ते लवकर ठरवेल, बरोबर ठरवेल असं नाही. फरक कळेनासा झाला की गाळणी अंदाज बांधते."

जो विचारायचा नाही असं ठरवून आली होती, तो प्रश्न तनिष्काने विचारला. "मग आई नळीला हो म्हणाली, तो गाळणीचा अंदाज असेल का? मशीनचा?"

"म्हणून तर मी ऑपरेशनच्या आधी डोळ्यांनी विचारते. वर पाहिलं तर हो, खाली पाहिलं तर नाही. ते मशीनवर सोडत नाही मी. पण तुम्ही हे का विचारताय?"

तनिष्काने जे ऐकलं ते सांगितलं.

डॉक्टर काझी खुर्चीत मागे टेकल्या. "मी रोज सकाळी गाडीत बसताना मनातल्या मनात राजीनामा देते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत ऑपरेशनं करत असते. मनात आलेलं वाक्य म्हणजे निर्णय नव्हे. त्यावरून मी ऑपरेशन रद्द करणार नाही, आणि तुम्हीही वडिलांना जाऊन काही सांगू नका. पण ऐकलेलं आता न ऐकलेलं होत नाही. आईशीच बोला."

ती घरी परतली तेव्हा हेमंतराव भिंतीत नवे प्लग बसवून घेत होते. इलेक्ट्रिशियन शिडीवर होता.

"इथे व्हेंटिलेटर," ते उत्साहाने दाखवू लागले. "इथे कफ ओढायचं मशीन. इन्व्हर्टरची वायर वेगळी घेतलीय, लाइट गेली तरी काळजी नाही. मी शिकून घेतलं सगळं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तनू, गेले कित्येक दिवस मी झोपेतसुद्धा तिचा श्वास ऐकत असतो. हे एकदा झालं ना, की मग घाई नाही."

लॅपटॉप का तापतो, ते तिने त्यांना सांगितलं. गाळणीचं काम वाढलंय, ती आता अंदाज बांधायला लागलीय, एवढं सगळं सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. ते तिच्याकडे बघत "हं" म्हणाले आणि पुन्हा शिडी धरायला वळले.

---

पहाटे हवा त्यातल्या त्यात गार असते. हेमंतराव फिरायला गेले होते. तनिष्काने टेबलफॅन थेट लॅपटॉपवर सोडला, आईचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, अगदी हळू, आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"ओठ ओढला गेला नाही," योगिताबाई म्हणाल्या. "पण आता घाबरत पुसतेस. तेही नको."

तनिष्काला हसूही आलं आणि रडूही. "आई, मी जे ऐकलं ते नळीचं... मी पप्पांना सांगितलेलं नाही."

"बरं केलंस."

"पण खरं काय? दवाखान्यात म्हणालीस ते, की—"

"मनात मी दोन्ही म्हणते. रोज. तू एक ऐकलंस."

"मग त्यातलं खरं कोणतं?"

"मी सांगेन ते. मनातलं साक्षीत धरत नाहीत, तनू. मनात माणूस खूनसुद्धा करतो. उभा राहून शपथेवर काय बोलतो, ते धरायचं."

पंखे चढू लागले. आकडा नव्वदीवर गेला. तनिष्काने स्क्रीन आईला दिसेल अशी वळवली. त्या थांबल्या, पण आकडा उतरला नाही. थांबून उपयोग नव्हता. मनात बोलणं थांबवता येत नाही.

"दवाखान्यात मी हो म्हटलं," योगिताबाई घाईने म्हणाल्या, "ते मीच म्हटलं. मशीन नाही. पण ते मी त्यांच्याकडे बघून म्हटलं. माझ्याकडे बघून म्हटलंच नाही. मला एक दिवस—"

लॅपटॉप बंद पडला. बाहेर दूधवाल्याची घंटा वाजली, कुणीतरी सडा टाकत होतं. यंत्र निवून पुन्हा सुरू झालं तेव्हा योगिताबाईंनी अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं.

"मला एक दिवस दे. मग त्यांना बोलाव. मीच सांगेन. तू मधे बोलायचं नाहीस."

तो दिवस त्या जवळजवळ गप्पच होत्या. लॅपटॉप मात्र सकाळपासून पुन्हा पुन्हा तापून बंद पडत होता. तनिष्का तो बंद पडल्यावर काही न बोलता थंड होऊ द्यायची आणि सुरू करायची.

---

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर हेमंतराव पलंगाच्या कडेला बसले. योगिताबाईंनी उगाच प्रस्तावना केली नाही.

"अहो, मला नळी नको. ऑपरेशन नको."

हेमंतरावांनी आधी त्यांच्याकडे, मग लॅपटॉपकडे, मग तनिष्काकडे पाहिलं.

"हे चुकतंय," ते म्हणाले. "तनू, हे चुकतं ना आता? तूच सांगितलंस, अंदाज बांधतं म्हणून. हे तिचं नाही. मशीन बोलतंय हे."

"पप्पा..."

"दवाखान्यात सगळ्यांसमोर हो म्हणाली ती! तेव्हा बरोबर होतं मशीन. आता बिघडलंय." त्यांनी पुढे होऊन लॅपटॉप खाडकन मिटला. खोली शांत झाली. मग ते योगिताबाईंच्या अगदी समोर गेले, चेहऱ्यासमोर चेहरा आणला.

"मला सांग. डोळ्यांनी सांग. नळी हवी ना?"

योगिताबाईंनी नजर खाली नेली.

"दमली असशील. पुन्हा विचारतो. नळी नको, असं म्हणतेस तू?"

नजर वर गेली.

"मला त्रास नको म्हणून? माझं बघून म्हणतेस?"

खाली.

"भीती वाटते तुला?"

वर.

"भीती वाटते, तरी नको?"

वर. बराच वेळ वर.

हेमंतराव मागे सरले. त्यांचा चेहरा ओळखू येईना. "मग त्या दिवशी हो का म्हणालीस?" त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर वर किंवा खाली बघून देता येण्यासारखं नव्हतं. योगिताबाई समोर बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला हेमंतराव थांबले नाहीत. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि जेवायलाही आत आले नाहीत.

तनिष्काने आईचे डोळे पुसले. लॅपटॉप उघडून सुरू केला. दुपार उतरल्यावर योगिताबाई म्हणाल्या, "उद्या गाळणी काढ. त्यांना बसू दे इथे. तू बाहेर थांब."

आपण नीट ऐकलं असं तनिष्काला वाटेना. "आई, एकदा काढली की तुला निवडता येणार नाही. जे नको तेसुद्धा बाहेर येईल. काहीही येईल."

"माहीत आहे."

"आणि काल तूच म्हणालीस, मनातलं साक्षीत धरत नाहीत."

"ही साक्ष नाही," योगिताबाई म्हणाल्या. "नवरा आहे माझा."

तनिष्काने वर-खाली नजरेने विचारून तेच पुन्हा पक्कं करून घेतलं. मग गॅलरीत जाऊन वडिलांना सांगितलं. "मला ऐकवेल का ते?" त्यांनी विचारलं.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गाळणी बंद केली आणि पहिला शब्द येण्याआधी खोलीबाहेर आली. दार ओढून घेतलं. पुढच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली.

शब्द कळत नव्हते. तेवढी काळजी तिने घेतली होती. दाराआडून नुसता आईचा आवाज येत होता, सपाट, न थांबणारा. लॅपटॉपचे पंखे अजिबात ऐकू येत नव्हते. मधे एकदा वडील मोठ्याने हसले. ती दचकली. त्यांचं असं हसू तिने कधी ऐकलं होतं, ते तिला आठवेना. नंतर केव्हातरी त्यांचा चढलेला आवाज आला, "असं कसं म्हणतेस तू?" आणि त्यावर तोच सपाट आवाज चालू राहिला, त्यांना उत्तर दिल्यासारखा नाही, आपल्याच वाटेने. मग ते कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. फक्त ती.

लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही.

उन्हं उतरल्यावर दार उघडलं. हेमंतराव बेसिनपाशी गेले, तोंडावर पाणी मारलं, नॅपकिनने सावकाश पुसलं. मग खिशातून फोन काढून त्यांनीच डॉक्टर काझींना लावला.

"मी हेमंत फालक. पुढच्या आठवड्याची ती तारीख रद्द करा, मॅडम." पलीकडचं ऐकत ते थांबले. "नाही, मशीनवरून नाही. डोळ्यांनी विचारलं मी, तुम्हीही येऊन विचारा. हो. हो, माझीही तयारी आहे." पुन्हा थोडं थांबून ते म्हणाले, "आहे म्हणजे, होईल."

फोन ठेवून ते तनिष्काला म्हणाले, "गाळणी लाव आता. आणि तिला भूक लागलीय. थोडी पेज कर, पातळ."

डॉक्टर काझी दोन दिवसांनी स्वतः घरी आल्या. त्यांनी नजरेने विचारलं, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, आणि तसं लिहून घेतलं. भिंतीतले नवे प्लग तसेच राहिले. श्वासाला मदत म्हणून तोंडावर लावायचा मास्क तेवढा आला.

पावसाळ्यात हवा गार झाली तरी लॅपटॉप तापायचा थांबला नाही. श्रावण संपता संपता योगिताबाईंची वाक्यं तुटू लागली, मग चुकू लागली. एकदा त्यांनी मागितलं नसताना यंत्र चार वेळा 'पाणी' म्हणालं. योगिताबाईंनी नजर खाली नेली, बराच वेळ खालीच ठेवली, आणि तनिष्काने लॅपटॉप बंद केला. त्यानंतर तो कुणी लावला नाही. नजरेवर तिघांचं चालत होतं. दिवाळीनंतर थंडी पडली त्या सुमारास, एका सकाळी, हेमंतराव त्यांचा हात हातात घेऊन पेपर वाचून दाखवत असताना योगिताबाईंचा श्वास थांबला.

पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी तनिष्काने वडिलांना विचारलं. इतके महिने विचारलं नव्हतं. दोघं मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होते.

"पप्पा, त्या दुपारी आई काय म्हणाली?"

हेमंतराव एका चादरीची दोन टोकं जुळवत होते. त्यांनी दुसरी टोकं तिच्या हातात दिली.

"विशेष असं काही नाही गं. अंगाला खाज सुटली होती कुठेतरी. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. एका जुन्या केसमधल्या साक्षीदाराला काय विचारायला हवं होतं, ते आठवत होती. तुझं नाव येत होतं सारखं. नळीचं म्हणशील तर हवी, नको, हवी, नको, एकाआड एक चाललं होतं. सगळं ऐकत बसलो मी." चादरीची घडी त्यांनी छातीशी धरली. "आणि मधूनमधून मी होतो."